पंखाची जमीन

सिग्नल सुटला, गाडी हलली आणि नवऱ्याने मान वळवून तिला काहीतरी विचारलं. काय विचारलं ते तिच्या कानात शिरलंच नाही, कारण नेमका तेव्हाच तिला त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसला. जागरणाने येतो तसा गढूळ नाही, तांबूस नाही, चक्क पिवळा. तिचा पाय आपोआप खाली गेला. ती बसली होती ती जागा शिकवणाऱ्याची. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि त्याच्या गाडीत त्या जागेच्या पायाशीही एक ब्रेक होता. इतकी वर्षं ती तिथे बसून कामावर जात होती, पण तिचा पाय त्याला कधी लागला नव्हता. आज लागला. गाडी गचका खाऊन रस्त्यात उभी राहिली, मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलायचं नाव नाही. नवऱ्याने शांतपणे गाडी पुन्हा सुरू केली, मागच्याला माफीचा हात दाखवला आणि म्हणाला, "शिकवायला कोण बसलंय बाई? मी का तू?"

"चुकून लागला."

"चुकून लागतो म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

हसायला हवं म्हणून ती हसली, आणि मग उरलेल्या रस्ताभर तिने एकच उद्योग केला. उजवा डोळा मिटून त्याच्याकडे बघायचं, मग डावा मिटून बघायचं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता, पट्टी आज सकाळीच उतरली होती आणि आजच हा कामाचा पहिला दिवस. डावा अजून जुनाच होता, त्याची पाळी पुढच्या महिन्यात. जुन्या डोळ्याने बघितलं तर नवरा होता तस्साच, लग्नाच्या दिवशी होता तसा गव्हाळ, जरा रापलेला, गालावर दाढी करताना राहून गेलेले दोन केस. नव्या डोळ्याने बघितलं की तोच माणूस, तेच दोन केस, पण कुणीतरी हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा. काचेचा दोष असेल, तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या काचेला वरून उन्हासाठी रंगीत पट्टी लावलेली होती. नाहीतर डोळ्याचाच दोष. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, सुरुवातीला काही दिवस रंग वेगळे वाटतील, सगळं निळसर वाटेल, घाबरायचं नाही, मेंदू सवय करून घेतो. निळसर म्हणाले होते ते. पिवळ्याचं काही बोलले नव्हते.

"या वयात डोळे काय मारतेस," नवरा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "लोक बघतायत."

"डोळा तपासतेय."

"मग, पास झाला का?"

संग्रहालयाच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली. उतरता उतरता तिने विचारलं, "मघाशी काय विचारत होतास?" तो म्हणाला, "काही नाही. म्हटलं, आता दिसतंय ना सगळं नीट?" "दिसतंय की," ती म्हणाली. त्यावर तो जरा वेळ तसाच बसून राहिला, ती आणखी काही बोलेल असं वाटल्यासारखा. मग डाव्या हाताने उजवं मनगट खाजवत "बरं" म्हणाला आणि गेला.

तिच्या टेबलावर उत्तरेच्या खिडकीचा उजेड यायचा. ही जागा मिळावी म्हणून तिने नोकरीच्या सुरुवातीला भांडण केलं होतं, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, लाडात येत नाही आणि रुसतही नाही. पलीकडच्या टेबलावरच्या मैत्रिणीला असल्या गोष्टींचं सोयरसुतक नव्हतं. ती मुंग्या बघायची, मुंग्यांच्या मिशा आणि मांड्या मोजायची, आणि सगळं संग्रहालय तिला मुंगीवाली म्हणायचं. मुंगीवालीने चहाचा कप पुढे सरकवला, डोळ्याची चौकशी केली आणि म्हणाली, "तुझ्या वाळवंटवाल्याची डबी आलीये. साहेब कालपासून दोनदा विचारून गेले. तू नाहीस तर जणू सगळी पाखरं उडूनच जाणार होती." साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख, आणि वाळवंटवाला म्हणजे दूरच्या वाळवंटातल्या एका छोट्या केंद्रावरचा एकटा माणूस, जो रात्री पांढरी चादर टांगून तिच्यामागे दिवा लावायचा आणि चादरीवर येऊन बसलेले पतंग कागदाच्या घड्यांत घालून पाठवायचा. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घड्या मात्र हजारांत ओळखल्या असत्या, इतक्या नीटनेटक्या असायच्या. या खेपेला एकच घडी होती, आणि घडीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: हा नेहमीचा नव्हे असं वाटतं, बघावं.

पतंग करंगळीच्या नखाएवढा. हे वाळवंटातले लहान पतंग बघायला गेलं तर एका माळेचे मणी. वाळूवर बसले की वाळूच. पुढच्या पंखांवर दोन नागमोडी तपकिरी रेघा, त्यांच्या मधोमध एक काळसर ठिपका, कडेच्या झालरीवर एक फिका एक गडद असे आळीपाळीने तुकडे, आणि मागचे पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे. तिने भिंगाखाली धरून रेघा बघितल्या, ठिपका बघितला, झालर बघितली. हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. तिला शिकवणारे जुने साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आधी खुणा, मग रंग. खुणा खोटं बोलत नाहीत, रंग बोलतो. रंग उन्हाने उडतो, दमटपणाने बदलतो, बोट लागलं तर पिठासारखा झडतो, आणि बघणारा उपाशी असेल तर वेगळा दिसतो. म्हणून आधी रेघा मोजायच्या, ठिपका कुठे आहे ते बघायचं, आणि अगदीच अडलं तर रंगाला विचारायचं. इथे अडतच होतं. या खुणांच्या दोन जाती होत्या. दोघींच्या रेघा त्याच, ठिपका तिथेच, झालर तीच. फरक फक्त पंखाच्या जमिनीचा. एकीची जमीन गव्हाळ, ती जात नेहमीची, त्या वाळवंटात ढिगाने. दुसरीची राखाडी, ती तिथे कधी कुणाला सापडली नव्हती.

जमीन हा शब्द तिने इथे आणला होता तो आईकडून. आईचं दोऱ्या-बटणांचं दुकान होतं, आणि शिंपी कापडाचा तुकडा घेऊन आले की आई कापडावरच्या फुलांकडे ढुंकूनही बघायची नाही. फुलं काय, दहा रंगांची असतात, दोरा जमिनीचा लागतो, असं म्हणायची. मग तुकडा आणि रिळ घेऊन ती दुकानाच्या दारात जायची, कारण आत दिवा होता आणि दिव्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. शाळेतून आल्यावर ही तिच्या मागे दारात उभी राहायची. आई तुकड्यावर दोरा आडवा धरायची आणि विचारायची, दिसतो का? दिसत नाही म्हटलं की तो बरोबर दोरा. दिसला की चुकीचा. एकटा रंग कुणालाच कळत नाही गं, शेजारी ठेवला की कळतो, हे आईचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि त्यावर तिने दुकान चालवलं, दोन मुलं वाढवली. पुढे आईलाही मोतीबिंदू झाला. तेव्हा शिंपी दोरे परत आणून द्यायला लागले आणि आई त्यांच्याशी भांडायची, म्हणायची, माझे डोळे शाबूत आहेत, तुमची कापडंच हल्ली मेली धड येत नाहीत.

तिने उजवा डोळा मिटला. पतंग गव्हाळ. डावा मिटला. पतंग राखाडी.

तिने भिंग बाजूला ठेवलं. खरं तर एवढं घाबरण्यासारखं काय होतं? एक पाखरू, नखाएवढं, मेलेलं. पण सकाळपासून जे तिने डोक्याच्या मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं ते आता कडी वाजवत होतं. दोन डोळे दोन गोष्टी सांगत होते, आणि पतंगाच्या बाबतीत जो डोळा खरा ठरेल तोच नवऱ्याच्या बाबतीतही खरा. पतंग गव्हाळ निघू दे, तिने मनात म्हटलं, देवा, नेहमीचाच निघू दे, साहेबांची निराशा होऊ दे, वाळवंटवाल्याची होऊ दे, नवा डोळा खोटा पडू दे, पुन्हा चिरावा लागला तरी चालेल. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. असं मनात धरून कधी कुणी पतंग ओळखला आहे का? नवशिक्यांना ती हेच तर सांगायची, काय हवंय ते ठरवून भिंगाला डोळा लावू नका, हवं तेच दिसेल.

ती उठली आणि कपाटातून गव्हाळांचा खण काढून आणला. खण म्हणजे काचेच्या झाकणाची सपाट पेटी, आत ओळीने टाचण्यांवर बसवलेले पतंग, प्रत्येकाखाली बारीक अक्षरातली चिठ्ठी. तिचंच अक्षर. नवा पतंग टाचणीला लावून तिने ओळीच्या शेजारी धरला आणि डावा डोळा मिटून बघितलं. आधी तिला वाटलं खिडकीबाहेरून ढग गेला असेल. मग कळलं की ओळच दुभंगली आहे. वरचे जुने पतंग सगळे गव्हाळ, एका पिठाचे. खाली, अलीकडच्या वर्षांत बसवलेले, त्यांतले काही गव्हाळ आणि काही राखाडी. मध्येच एक, मग दोन सोडून आणखी एक, मग सलग तीन. वाळवंटवाला गेली कित्येक वर्षं अधूनमधून राखाडी पाठवत होता आणि ती त्यांना गव्हाळ म्हणून, आपल्या हाताने, टाचणी ठोकून, चिठ्ठी लावून बसवत होती. आईसारखीच. माझे डोळे शाबूत आहेत.

"जरा इकडे येतेस?" तिने मुंगीवालीला हाक मारली. "हे दोन बघ. एका रंगाचे आहेत का?"

मुंगीवालीने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून बघितलं. "हा काय प्रश्न झाला? एक कणकेचा, एक चुलीतल्या राखेचा. आंधळ्यालाही कळेल." मग तिला आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण तिने मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि सूर हलका करून म्हणाली, "अगं, मोतीबिंदूत असंच होतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात ना, तसंच. त्यात तुझा काय दोष?"

"कावीळ," ती म्हणाली.

"म्हणायची पद्धत गं. टाचण्या काढू आणि दुसऱ्या खणात बसवू. दुपारभराचं काम. मी येते मदतीला. साहेबांना तर पेढेच वाटावेसे वाटतील, एकदम इतके राखाडी."

मुंगीवाली बोलत राहिली. ही खणाकडे बघत बसली होती, पण पतंग आता तिला दिसत नव्हते. म्हणजे नवा डोळा खरा. पण थांब, तिने स्वतःशी वाद घातला, हातातली दोरी सुटू नये म्हणून धडपडावं तसा. डॉक्टर म्हणाले होते की नवा डोळा निळ्याकडे झुकतो. झुकतो म्हणजे पुरता खरा नाही, खोटं बोलतो. सकाळी उशीचा अभ्रा नीळ घातल्यासारखा दिसला होता, दूध दिसलं होतं, तिचे स्वतःचे केससुद्धा. मग जो डोळा सगळ्यावर निळं पाणी ओततो, त्या डोळ्याला एक माणूस पिवळा दिसला, तर तो माणूस किती पिवळा असला पाहिजे? हा हिशोब तिने पुन्हा पुन्हा करून बघितला, उलटा करून, सुलटा करून. दर वेळी उत्तर तेच आलं.

आणि मग तिला वाटलं, रंगाच्या मागे कशाला लागलीस मेले. आधी खुणा. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडायला नवऱ्याने मोचीकडे जाण्याऐवजी खिळा आणि हातोडा घेतला होता, आणि ती म्हणाली होती, बरं झालं, पोट उतरलं. ताटात भाजी टाकायला लागला होता, जन्मभर ताट चाटून पुसून उठणारा माणूस. ती म्हणाली होती, वय झालं, भूक कमी होते. दुपारी खुर्चीत मान टाकून झोपायचा. हात खाजवायचा, पाय खाजवायचा, रात्री पाठ दाराच्या चौकटीला घासायचा, आणि तिने साबण बदलला होता. परगावी असलेल्या मुलीने फोनवर चेहरा बघून विचारलं होतं, आई, बाबा असे पिवळट का दिसतात? त्यावर तिने काय उत्तर दिलं होतं? दिवा तसा आहे गं. मुलगी म्हणाली, पण तू तर पिवळी दिसत नाहीस. आणि ती, रंगांवर पोट भरणारी बाई, फणकाऱ्याने म्हणाली होती, रंगाचं मला नको शिकवूस. नवरा शेजारीच बसला होता. त्याने दोघींचं बोलणं ऐकून घेतलं होतं आणि मान डोलावली होती. रेघा होत्या, ठिपका होता, झालर होती. सगळ्या खुणा तिने बघितल्या होत्या, एकेक करून, जुन्या डोळ्याने, लख्ख. आणि एकीलाही विचारलं नव्हतं, तू कशाची.

"जाते मी," ती म्हणाली.

"आत्ता? साहेबांना काय सांगू?"

"राखाडी आहे म्हणून सांग."

बसमध्ये तिला बसवेना. खिडकीजवळ उभं राहून ती बाहेर बघत राहिली आणि दिसेल त्या माणसाशी नवऱ्याचा रंग ताडून बघत राहिली. हा केळी विकणारा, तो रस्ता ओलांडणारा, ती मुलाला मारणारी. कुणी काळं होतं, कुणी गोरं, कुणी उन्हाने तांबडं झालेलं. त्याच्यासारखं कुणी नव्हतं. शहरभर लोक असे सहज आपापल्या रंगाचे होते, आणि त्यांच्या बायकांना त्याची काही किंमत नव्हती. तिला रडू येत होतं आणि येत नव्हतं. कदाचित काही साधं असेल, ती स्वतःशी म्हणत होती, दूषित पाण्याने कावीळ होते, पथ्य पाळलं की जाते, मावशीच्या दिराला झाली होती, ठणठणीत आहे. पण मावशीच्या दिराला ताप आला होता, उलट्या झाल्या होत्या, त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्याचं काही दुखत नव्हतं. हे काही न दुखणंच तिला सगळ्यात वाईट वाटत होतं, आणि न दुखता चढणाऱ्या काविळीबद्दल कधीतरी ऐकलेलं तिला स्वतःला मोठ्याने सांगायचं नव्हतं.

जुन्या गोदामांमागच्या पटांगणात तो शिकवायचा. ती पोचली तेव्हा सत्तरीला टेकलेले एक निवृत्त पोस्टमास्तर गाडी मागे घेत होते आणि तो बाहेर उघड्या उन्हात उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. तिला बघून त्याचा हात खाली आला.

"तू कशी काय? डोळा दुखतोय का?"

तिने डावा डोळा मिटला नाही. आता त्याची गरज नव्हती. ऊन त्याच्या तोंडावर होतं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवूनही दिसत होतं. "चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"दवाखान्यात."

कुणाला काय झालंय, असं त्याने विचारलं नाही. ते त्याने विचारायला हवं होतं. तो नुसता गाडीकडे बघत म्हणाला, "पोस्टमास्तर आज पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर येणार होते. आठवडाभर वाट बघतायत बिचारे."

"मग दवाखान्याच्या रस्त्यानेच येऊ देत."

तर असे ते निघाले. पोस्टमास्तर ताठ बसलेले, दोन्ही हातांनी चाक आवळून धरलेलं, शेजारी नवरा, मागे ती. तिच्यासमोर त्याची मान होती. मानेवर, सदऱ्याच्या पट्टीच्या वर, केस बारीक कापलेले, आणि त्या केसांखालची कातडी तिने इतक्या वर्षांत कधी अशी बघितलीच नव्हती. पोस्टमास्तर मुंगीच्या पावलांनी गाडी चालवत होते. मागून गाड्या हॉर्न देत पुढे जात होत्या. 

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दुसरा गिअर टाका," नवरा पोस्टमास्तरांना म्हणाला. "क्लच पूर्ण दाबून. हां, असा. झालं काय, दाढी करताना आरशात दिसलं एकदा. पावसाळा संपता संपता असेल."

"आणि तू बोलला नाहीस?"

"डावीकडचा सायकलवाला बघा. त्याला आधी जाऊ द्या." सायकलवाला गेला. "बोलणार होतो. मग म्हटलं, कशाला, तुला दिसेलच. तुझ्यासमोर रोज बसत होतोच ना मी. जेवताना मुद्दाम दिव्याखालची खुर्ची घ्यायचो. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल."

ती मागच्या सीटची कड धरून बसली.

"तू काही बोलली नाहीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पोरगी बोलली तर तिला गप्प केलंस. मला इतकं बरं वाटलं तेव्हा, काय सांगू. म्हटलं, जी बाई नखाएवढ्या पाखराचा रंग सांगते, तिला दिसत नाही म्हणजे नसणारच. आपलाच आरसा खराब. मग मी आरशात बघायचं सोडून दिलं."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याखालून हाड हाताला लागलं. त्याने मागे न बघता तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि पोस्टमास्तरांनी वरच्या आरशात मागे पाहिलं, खाकरले आणि गाडीचा वेग आपणहून आणखी कमी केला.

"कमी नका करू," नवरा म्हणाला. "आता जरा वाढवा."